सांगली जिंकली, सातारा हरला

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाकीचे माजी विद्यार्थी आठवणी लिहितीलच. मी क्रीडापानाचा बातमीदार, म्हणून कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर सामन्यांचे निकाल लिहिणाऱ्या आजच्या मुलामुलींसाठी कामाचे तेवढे लिहितो. व्याकरणातले प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्त्याच्या मागे जाते की कर्माच्या, हे शिकताना ‘रामाने आंबा खाल्ला’ एवढ्यावर भागते. संघाच्या नावापाशी ते भागत नाही.

गावाचे नाव हेच संघाचे नाव असेल, तर क्रियापद गावाच्या लिंगाप्रमाणे चालते. सांगली जिंकली, मिरज जिंकली, सातारा जिंकला, तासगाव जिंकले, कोल्हापूर जिंकले. मैदानात कबड्डीचे ७ असोत, खो-खोचे ९ असोत की क्रिकेटचे ११, वचन एकच. तासगावचे ‘जिंकले’ हे अनेकवचन नव्हे, नपुंसकलिंगी एकवचन आहे. गफलत इथेच होते: ते पाहून कुणीतरी ‘सातारा जिंकले’ लिहून मोकळे होते.

नावापुढे ‘संघ’ आला की गावाचे लिंग संपले: सांगली संघ जिंकला. मंडळ जिंकले, तालीम जिंकली; आणि ‘तालीम मंडळ’ असेल तर मंडळाचेच चालते, कारण शेवटचा शब्द मालक. त्यामुळे मुलींचा संघसुद्धा ‘जिंकला’ आणि ‘विजेता’ ठरला. मुली मात्र जिंकल्या.

आता ‘ने’. ‘सांगलीने सामना जिंकला, लढत जिंकली, विजेतेपद जिंकले’ यात सांगलीचा क्रियापदावर काही अधिकार उरत नाही, ते कर्माच्या मागे जाते. ‘सांगली सामना जिंकली’ हेही चालते, कारण ‘जिंकणे’ दोन्ही बाजूंनी खेळते. ‘हरणे’ तसे नाही. सातारा लढत हरला. ‘साताऱ्याने लढत हरली’ हे मराठीच नव्हे. ‘ने’ हवाच असेल तर ‘गमावली’ वापरा. आणि कर्माला ‘ला’ लागला की सगळेच थिजते: सांगलीने साताऱ्याला हरवले, साताऱ्याने सांगलीला हरवले. हा भावे प्रयोग: क्रियापद ना कर्त्याच्या मागे जाते, ना कर्माच्या. लिंगवचनाची खात्री नसलेल्याला याहून सुरक्षित वाक्य नाही. सांगलीत जन्मलेले विजय हजारे कर्णधार असताना १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी हरवले, हा भारताचा पहिला कसोटी विजय. तो याच प्रयोगात लिहिला की इंग्लंडचे लिंग शोधत बसावे लागत नाही. गंमत अशी की हजारे एकटे असून ‘खेळले’, आणि अकरा जणांचा संघ ‘खेळला’. आदरार्थी अनेकवचन माणसाला मिळते, संघाला नाही.

खरी पंचाईत लीगच्या नावांची. इंडियन्स, किंग्ज, टायटन्स यांच्या शेवटी इंग्रजी अनेकवचन आहे, पण मराठी कान ते मोजत नाही. म्हणून ‘चेन्नई सुपर किंग्जने’ लिहावे. ‘किंग्जनी’ म्हटले की खरोखरच पाच-सहा राजे डोळ्यांसमोर येतात. ‘ने’ नसेल तर मात्र जिंकला, जिंकली, जिंकले ही तिन्ही रूपे छापलेली दिसतात. माझे मत: सरळ पुढे ‘संघ’ लावावा. पुणेरी पलटणला तोही लागत नाही, पलटण मराठीत रुळलेली आणि स्त्रीलिंगी. २०२४ च्या प्रो कबड्डी अंतिम सामन्यात ती हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ अशी जिंकली. व्याकरणाने ‘पलटणीने’ व्हायला हवे, वर्तमानपत्रे ‘पलटणने’ लिहितात. मलाही ते खटकत नाही.

सर्वनाम मात्र हा सगळा हिशेब उलटवते. ‘भारतीय महिला संघाने २०२५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ७ बाद २९८ धावा केल्या आणि त्यांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले.’ संघ एकवचनी, पुल्लिंगी. तरी त्याच वाक्यात ‘त्यांनी’. इथे ‘त्याने’ लिहिले तर नियम पाळला जाईल, पण वाचणारा विचारेल, कोण हा? अर्थात सर्वनाम अनेकवचनी झाले म्हणून पुढच्या ओळीत ‘संघ मायदेशी जिंकले’ करू नये. नाव आले की पुन्हा एकवचन.

फळ्यावर जागा कमी असेल तर ‘विजयी’ आणि ‘पराभूत’ हे शब्द वापरा. ते कुणासाठीच बदलत नाहीत. सांगली विजयी, सातारा पराभूत, खाली गुण. त्यापुढे ‘ठरली’ की ‘ठरला’ जोडायचा मोह झाला, तर मात्र पुन्हा गावाचे लिंग बघावे लागेल.