दोन हजारांचं चलान आणि ते टूं-टूं

"तुझ्या गाडीचं काहीतरी सरकारी आलंय बघ," म्हणत बाबांनी मोबाईल पुढे केला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, वेग ताशी ११६, मर्यादा १००, दंड दोन हजार. गाडी घेताना आरसीला बाबांचा नंबर दिला होता, तो तसाच राहिलेला. आणि बाबा मेसेज उघडणार ते आठवण झाली तर.

पैसे भरायचे नाहीत, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. दोन हजारांपेक्षा डोक्यात गेलं ते हे, की मी शंभरच्या आसपासच होतो, चांगलं आठवत होतं मला. महाट्रॅफिक अ‍ॅपवर फोटो पाहिला. गाडी आमचीच, नंबरप्लेट स्वच्छ. तरी तक्रारीच्या रकान्यात तावातावाने 'सदर चलान मला मान्य नाही' एवढं लिहिलं आणि अडलो. मान्य का नाही?

वकील मित्राला फोन लावला. त्याने आधी विचारलं, नोटीस किती दिवसांत आली? केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी, त्या पट्ट्यात कॅमेरा असल्याच्या पाट्या हव्यात, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि तेही दरवर्षी नवं केलेलं. मी हरखलोच, कारण मला चलान कळलं तेच महिन्याभराने. बाबांचा इनबॉक्स चाळला, तर मेसेज चौथ्या दिवशीच येऊन पडलेला! पुढच्या फेरीत पाट्या शोधायचं काम बायकोला दिलं. तिने पहिली पाटी इतक्या आनंदाने दाखवली की ही नक्की कोणाच्या बाजूने आहे असं वाटलं.

उरलं प्रमाणपत्र. ते कोर्टात मागता येतं. पण गुन्ह्याचं ठिकाण रायगड जिल्ह्यात, म्हणजे तारीखही तिकडेच. दोनच तारखा धरल्या तरी दोन रजा, टोल, पेट्रोल आणि वकिलाची फी. "दोन हजारांच्या कितीतरी वर जाईल," मित्र म्हणाला, "पण तू खरंच त्या वेगाने गेला नसशील तर पैशांकडे बघू नकोस. लढ."

सोसायटीतल्या काकांचं म्हणणं वेगळं. "थांब की, लोकअदालतीत कमी करून मिळेल." यावर मित्र हसला. तिथे तडजोड होते, चूक कोणाची याचा निवाडा नाही, आणि एकदा मिटलं की त्यावर अपीलही नाही. मी चुकलो नाही हे ऐकायचं असेल, तर ती जागाच नव्हे.

रात्री जेवताना बायको सहज म्हणाली, "अरे, त्या दिवशी ते टूं-टूं थांबेना म्हणून आई झोपेतून उठल्या नव्हत्या का?"

घास हातातच राहिला. जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत ताशी ८० च्या वर गेलं की अधूनमधून इशारा वाजतो आणि १२० ओलांडले की सलग. आमची गाडी २०२० ची. शिवाय गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, तसा नियमच आहे. दाखवला तर थोडा जास्तच. कॅमेऱ्याचे ११६ आणि काट्यावरचे एकशेवीस-बावीस, हिशेब चोख जुळत होता. आणि मी म्हणे शंभरच्या आसपास!

लिहिलेलं ते एक वाक्य पुसलं, यूपीआयने पैसे भरले. मग परिवहनच्या संकेतस्थळावर जाऊन आरसीला माझा नंबर लावला. बाबांना सांगितलं, तर ते जरा हिरमुसलेच.

"म्हणजे आता मला काही येणार नाही?"