नऊ आठवडे ‘प्रक्रियेत’: बिटकॉइन विकून पैसे हातात पडेपर्यंतचा माझा अनुभव

मे 2013 च्या तिसऱ्या आठवड्यात मी माझ्याजवळचे 15 बिटकॉइन, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी चलनाची 15 नाणी, विकले. विक्रीला दोन मिनिटेही लागली नाहीत. ते पैसे बँकेच्या खात्यात आणण्यासाठी त्याच दिवशी केलेला अर्ज मात्र जुलै संपत आला तरी ‘प्रक्रियेत’ या एका शब्दावर अडकून पडला होता. ज्या एक्सचेंजवर, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर, हे घडले त्याचे नाव मी लिहीत नाही. ते फारसे मोठे नव्हते आणि तशी इतरही होती. पण त्या पानावरचा राखाडी अक्षरांतला तो शब्द आज इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पैसे आत टाकताना मला कोणी काहीही विचारले नव्हते. बाहेर काढताना मात्र जणू मी दुसऱ्याच कोणाचे पैसे मागत होतो, अशी वागणूक मिळाली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

खरेदी मी ऑक्टोबर 2012 मध्ये केली होती. तेव्हा एका बिटकॉइनचा भाव 11 ते 12 डॉलरच्या आसपास होता आणि मी 20 बिटकॉइन घेतले. क्रेडिट कार्डाने किंवा पेपालने पैसे देण्याची सोय जवळजवळ कुठेच नव्हती, आणि त्याला कारणही सबळ होते. कार्डावरचा व्यवहार तक्रार करून काही आठवड्यांनी उलटवता येतो, पण एकदा पाठवलेला बिटकॉइन परत घेता येत नाही. त्यामुळे नाणी घेऊन पैसे परत ओढून घेणाऱ्या ठगांनी सुरुवातीच्या विक्रेत्यांना चांगलेच लुबाडले होते. म्हणून बँकेतून वायर ट्रान्सफर करायचे, त्यासोबत एक्सचेंजने दिलेला संकेतांक न चुकता लिहायचा आणि वाट पाहायची, हाच मार्ग होता. माझे पैसे पाचव्या कामाच्या दिवशी जमा झाले आणि नाणी मी लगेच स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे माझ्याच संगणकावर बिटकॉइन सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, हलवली. त्या काळातले बिटकॉइन-क्यूटी हे वॉलेट पहिल्या व्यवहारापासूनचा सगळा इतिहास उतरवून घेत असे, त्यासाठी संगणक दोन रात्री चालू ठेवावा लागला, आणि त्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खर्च करण्याचा अनुभव मात्र मनापासून आवडला. ब्लॉगची सेवा देणाऱ्या वर्डप्रेसने नोव्हेंबर 2012 मध्ये बिटकॉइन स्वीकारायला सुरुवात केली होती आणि वेबसाइटसाठी जागा भाड्याने देणारे काही छोटे व्यावसायिकही ते घेऊ लागले होते. डिसेंबरमध्ये मी अशाच एका ठिकाणी वर्षभराचे भाडे म्हणून दीड बिटकॉइन भरला. पडद्यावर 15 मिनिटांचे घड्याळ सुरू झाले, कारण तेवढ्याच वेळेपुरता तो भाव बांधलेला होता. मी पैसे घेणाऱ्याचा बिटकॉइन पत्ता (खाते क्रमांकासारखी अक्षरांची ओळ) चिकटवला, 0.0005 बिटकॉइन इतके शुल्क ठेवले आणि पाठवण्याचे बटण दाबले. वॉलेटमध्ये त्या व्यवहारापुढे आधी प्रश्नचिन्ह दिसले, मग एक छोटेसे घड्याळ आले आणि प्रत्येक नव्या ब्लॉकबरोबर, म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक नोंदवहीत व्यवहारांचा नवा गठ्ठा जोडला गेला की, ते थोडेथोडे भरत गेले. ब्लॉक सरासरी 10 मिनिटांनी मिळतो हे ठाऊक होते, पण सरासरी म्हणजे काय ते त्या दिवशी कळले: पहिलाच ब्लॉक यायला 34 मिनिटे लागली आणि पुढचे दोन पाठोपाठ आले. सहा कन्फर्मेशन झाल्यावर, म्हणजे व्यवहार असलेला ब्लॉक धरून सहा ब्लॉक जोडले गेल्यावर, तिथे हिरवी खूण उमटली. मधे कोणतीही बँक नाही, सुट्टीचा दिवस असूनही कुठे खोळंबा नाही. तो आनंद खरा होता आणि पुढे जे झाले त्यामुळे तो कमी झालेला नाही.

10 एप्रिल 2013 रोजी भाव 266 डॉलरपर्यंत चढला आणि काही तासांतच निम्म्याहून खाली आला. त्या दिवशी एक्सचेंजची पानेच उघडत नव्हती, त्यामुळे विकण्याचा प्रश्नच आला नाही. मे महिन्यात भाव 115 डॉलरच्या आसपास स्थिरावल्यासारखा वाटला, तेव्हा 15 बिटकॉइन एक्सचेंजवर पाठवून मी विकले आणि खात्यात सुमारे 1,715 डॉलर दिसू लागले. ते फक्त दिसत होते, ही गोष्ट तेव्हा मी नीट लक्षात घेतली नाही.

पैसे काढण्याचा अर्ज भरल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर आले की आधी ओळख पटवून द्यावी लागेल. या मागणीमागचे कारण मला नंतर समजले आणि ते खोटे नव्हते. अमेरिकेच्या अर्थखात्यातील फिनसेन या विभागाने 18 मार्च 2013 रोजी असे स्पष्ट केले होते की आभासी चलनाची खरेदी-विक्री करून देणारे व्यावसायिक हे पैसे हस्तांतरित करणारे व्यावसायिक समजले जातील आणि त्यांना नोंदणीसह ते सगळे नियम लागू होतील. त्यानंतर डॉलरशी संबंध असलेली एक्सचेंजेस घाईघाईने कागदपत्रे मागू लागली. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पैसे घेताना जो नियम आठवला नाही तो पैसे देताना आठवावा, आणि तोही एकदम नव्हे तर तुकड्यातुकड्याने, ही माझी तक्रार आहे.

पहिल्यांदा ओळखपत्राचे स्कॅन पाठवले ते सात दिवसांनी नाकारले गेले, कारण वरचा उजवा कोपरा कापला गेला होता. मी ओळखपत्र गडद रंगाच्या कापडावर ठेवून चारही कोपरे स्वच्छ दिसतील असा फोटो काढला आणि पुन्हा पाठवला. यावेळी नऊ दिवस गेले आणि उत्तर आले की ओळखपत्र ठीक आहे, पण पत्त्याचा पुरावा तीन महिन्यांहून जुना आहे. हे पहिल्याच वेळी सांगता आले असते, कारण दोन्ही कागद एकाच वेळी त्यांच्यासमोर होते. नवे बिल यायची वाट पाहून तेही पाठवले, तर तिसऱ्या खेपेला अडचण नावाची निघाली: बँकेच्या खात्यावर आडनाव आधी होते, ओळखपत्रावर नाव आधी होते आणि त्यांच्या मते ही दोन वेगळी माणसे असू शकत होती. प्रत्येक नकारानंतर माझा अर्ज रांगेच्या शेवटी जाऊन बसत असे, हे तिसऱ्या नकाराच्या वेळी उमगले. म्हणून ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझे सांगणे आहे की पहिल्याच पत्रात सगळे कागद एकत्र पाठवावेत, नाव, पत्ता आणि खाते तिन्ही ठिकाणी सारखे आहे का ते आधी पाहावे, आणि नवी तक्रार न नोंदवता जुन्याच तक्रार क्रमांकाखाली उत्तर द्यावे. नवी तक्रार म्हणजे पुन्हा शेवटचा नंबर.

24 जून रोजी माझी ओळख एकदाची मान्य झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. आता चार-पाच दिवसांत पैसे येतील असे समजून मी रोज सकाळी बँकेचे खाते उघडून पाहू लागलो. आठवडा गेला, दुसराही गेला. शेवटी बँकेच्या शाखेत जाऊन विचारले तेव्हा तेथील अधिकाऱ्याने माझ्यासमोर पडदा फिरवून दाखवले की माझ्या नावाने बाहेरून काहीच आलेले नाही आणि आलेले काही परतही गेलेले नाही. ते म्हणाले, “पाठवणाऱ्याकडून व्यवहाराचा क्रमांक मागून घ्या, तो मिळाला तर पैसे कुठे अडकले आहेत ते आम्ही शोधून देऊ.” हा सल्ला सोन्यासारखा होता. मी एक्सचेंजला लिहून तोच एक क्रमांक मागितला आणि सहा दिवसांनी जे उत्तर आले त्यात क्रमांक सोडून बाकी सगळे होते: आपला अर्ज प्रक्रियेत आहे, आमच्या बँकेशी काही बाबींवर चर्चा सुरू आहे, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. याचा सरळ अर्थ असा होता की पैसे पाठवलेच गेले नव्हते. त्या वर्षी अनेक बँका अशा व्यवसायांची खाती ठेवायला तयार नव्हत्या, आणि ज्या एक्सचेंजची स्वतःची बँकच डळमळीत आहे त्याच्याकडे माझे पैसे भिजत घोंगड्यासारखे पडले होते.

त्याच सुमारास सर्वांत मोठ्या मानल्या जाणाऱ्या, टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्सचेंजनेही 20 जून 2013 रोजी डॉलर काढण्याची सोय दोन आठवड्यांसाठी थांबवल्याचे जाहीर केले होते. तेथील भाव इतर ठिकाणांपेक्षा चढा राहू लागला होता, आणि त्यामागचे कारण वाचताना मला माझी वाट सापडली. डॉलर बाहेर निघत नाहीत म्हटल्यावर लोक त्या डॉलरांनी पुन्हा बिटकॉइन घेत होते आणि बिटकॉइनच बाहेर काढत होते. मी माझ्या एक्सचेंजचा भाव पाहिला: तिथे 102 डॉलर, इतरत्र 92 च्या जवळपास. डॉलर काढण्याचे दार बंद होते, पण नाणी काढण्याचे दार उघडेच होते, आणि नऊ आठवडे मी बंद दारावरच धडका देत बसलो होतो.

22 जुलै रोजी मी अर्ज रद्द केला. रद्द करण्याची परवानगी मात्र क्षणात मिळाली. सगळ्या रकमेचे पुन्हा बिटकॉइन घेतले, ते शुल्क जाऊन साधारण 16.7 भरले. एकदम सगळे पाठवण्याचे धाडस झाले नाही, म्हणून आधी फक्त 0.1 बिटकॉइन माझ्या वॉलेटकडे काढला. दहा-बारा मिनिटांत तो वॉलेटमध्ये उमटला. मग उरलेले सगळे पाठवले. ते छोटे घड्याळ भरताना मी जागचा हललो नाही, आणि हिरवी खूण आली तेव्हा पाऊण तासही झालेला नव्हता. बँकेच्या मार्गाने नऊ आठवड्यांत जे झाले नाही ते तेवढ्या वेळात झाले होते, आणि वाचलेल्या बातमीतून हा मार्ग मी स्वतःच हेरला याचा मला आजही अभिमान वाटतो.

विक्रीसाठी यावेळी लोकलबिटकॉइन्स निवडले. 2012 मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी खरेदीदार आणि विक्रेता थेट एकमेकांशी व्यवहार करत, आणि पैसे मिळेपर्यंत विकणाऱ्याची नाणी तिथे राखून ठेवली जात. मी 92 डॉलरच्या भावाने दोन वेगवेगळ्या खरेदीदारांना मिळून 16 बिटकॉइन विकले. दोघांचेही पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत आले. इथे एक गोष्ट जपावी: बँकेत आलेल्या रकमेवर पाठवणाऱ्याचे जे नाव असेल तेच खरेदीदाराचे नाव आहे याची खात्री झाल्याशिवाय नाणी सोडू नयेत, कारण चोरलेल्या खात्यातून आलेले पैसे बँक परत नेऊ शकते. पावतीचा फोटो पुरेसा मानू नये; रक्कम स्वतःच्या खात्यात दिसली पाहिजे.

हिशेब मांडला तर मे महिन्यातच पैसे मिळाले असते त्यापेक्षा जवळजवळ अडीचशे डॉलर कमी पदरात पडले. ते मला लागले, हे नाकारत नाही. पण फेब्रुवारी 2014 मध्ये माउंट गॉक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सुमारे 8,50,000 बिटकॉइन गहाळ असल्याचे सांगितले. त्यांपैकी सुमारे 2,00,000 नंतर सापडले, आणि ज्यांची नाणी तिथे होती त्यांना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू व्हायला जुलै 2024 उजाडला. त्या लोकांच्या पडद्यावरही आकडे दिसतच होते. म्हणून मोठी रक्कम टाकण्याआधी थोडी रक्कम आत टाकून ती बँकेत परत आणून पाहावी, हे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे. मी हे ऑक्टोबर 2012 मध्येच केले असते तर कागदपत्रांचे हेलपाटे 20 डॉलरसाठी झाले असते, 1,700 डॉलरसाठी नव्हे.

वॉलेटच्या बॅकअपबद्दल वर लिहायचे राहिले. त्या काळातले वॉलेट खर्च करताना अख्खे नाणे मोडत असे: 5 बिटकॉइन एकत्र आलेले असतील आणि त्यांतला 1 द्यायचा असेल, तर उरलेले जवळजवळ 4 स्वतःच्याच एका नव्या पत्त्यावर परत येत. असे 100 पत्ते वॉलेट आधीच तयार करून ठेवी, आणि ते संपले की पुढचे पत्ते जुन्या बॅकअपमध्ये नसत. एकदाच बॅकअप घेऊन निर्धास्त झालेल्या माणसाची हार्ड डिस्क बिघडली, तर मोड म्हणून परत आलेली नाणी कायमची जाऊ शकत होती. मी दर महिन्याला दोन पेनड्राइव्हवर नवी प्रत घेत असे आणि पासवर्ड कागदावर वेगळ्या जागी ठेवत असे. माझे उरलेले बिटकॉइन त्या शिस्तीमुळेच टिकले.

एक्सचेंजवरचे खाते मी 22 जुलैच्या संध्याकाळीच बंद केले आणि माझ्या ओळखपत्राच्या व बिलाच्या प्रती नष्ट कराव्यात असे लेखी कळवले. खाते बंद झाल्याचे उत्तर आले. प्रती नष्ट केल्याचे उत्तर मागण्यासाठी मी आणखी तीन वेळा लिहिले. ते आजपर्यंत आलेले नाही.