अंड्यातलं जाळं

आज परभणीजवळ गावी भाचीनं खुडूक कोंबडीखालचं पाच दिवसांचं अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरलं. आत केसाएवढ्या बारीक लाल रक्तवाहिन्यांचं जाळं! मधोमध एक ठिपका धडधडत होता. "मामा, याच जाळ्यावर शास्त्रज्ञ औषधं तपासतात." बायोटेकला आहे पोरगी.

नव्या रक्तवाहिन्यांना अंकुरायचा इशारा देणारं प्रथिन, व्हीईजीएफ, १९८९ मध्ये शास्त्रज्ञ नेपोलिओन फेरारांनी वेगळं केलं. मोठ्या माणसाच्या रक्तातही वाहिन्यांचं अस्तर घडवणाऱ्या मूळपेशी असतात, असं आसाहारा आणि इस्नर या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलं. पुढं त्यावर बराच वाद झाला म्हणे.

आबांच्या पायाची जखम शुगरमुळं तीन महिने भरेना. आज ड्रेसिंगला कडेनं लाल, दाणेदार मांस दिसलं. डॉक्टर म्हणाले, नव्या वाहिन्या फुटल्यात. कितीतरी वेळ तो पाय मांडीवर घेऊन बसलो.