आमची वाटचाल : शेवटचे दोन सेंटिमीटर

आम्ही नागपुरात एसडीआय व्हिडिओचे, म्हणजे डिजिटल चित्र केबलवरून नेणाऱ्या पद्धतीचे, बोर्ड डिझाइन करतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : इथं त्याला गिऱ्हाईक आहे का? आहे, आणि भरपूर आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर, डिसेंबरात अधिवेशनाच्या वेळी, लग्नसराईत, गणपतीत, जिथं कॅमेरा एकीकडे आणि मोठा पडदा दुसरीकडे, तिथं मध्ये कोॲक्स केबल पसरलेली असते. त्या केबलमध्ये सिग्नल ढकलणारा भाग आम्ही बनवतो.

सुरुवात सीताबर्डीतल्या एका छोट्या गाळ्यात दुरुस्तीपासून झाली. केबल ऑपरेटर आणि शूटिंगवाले मिक्सर, कन्व्हर्टर घेऊन यायचे. अ‍ॅनालॉगच्या काळात तक्रार समजायला सोपी होती, कारण चित्र हळूहळू फिकं पडायचं, मुंग्या यायच्या. एसडीआय आलं आणि तक्रारीची जातच बदलली. “भाऊ, ऑफिसात मस्त चालत होतं, मैदानात चित्र तुटून राह्यलं ना!” असे फोन यायला लागले. डिजिटल सिग्नल एका मर्यादेपर्यंत चोख चित्र देतो आणि ती ओलांडली की चित्रच जातं. आउटपुट कमकुवत असलं तरी दोन मीटरच्या केबलवर ते कळत नाही. ते कळतं ऐन कार्यक्रमात, शंभर मीटरवर.

अशी यंत्रं उघडून बघता बघता लक्षात आलं, की बहुतेक वेळा आयसी उत्तम असायची. घोटाळा असायचा तो केबल ड्रायव्हर (सिग्नल ढकलणारी आयसी) आणि केबल जिथं लागते तो बीएनसी कनेक्टर यांच्यातल्या दोन सेंटिमीटरमध्ये. दुसऱ्यांचे बोर्ड दुरुस्त करण्याऐवजी आपणच तेवढा भाग नीट करून द्यायचा, असं तेव्हा ठरवलं.

हे काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार नाजूक आहे. एसडीआयच्या ३जी प्रकाराचा वेग सेकंदाला २.९७ गिगाबिट. एक बिट ३३७ पिकोसेकंदांचा, आणि सिग्नलची चढण १३५ पिकोसेकंदांच्या आत पूर्ण व्हायला हवी. आउटपुट ८०० मिलिव्होल्ट, कमीजास्त दहा टक्के. इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला वाटेत जाणवणारा विरोध, ड्रायव्हरकडे येणाऱ्या दोन रेघांच्या जोडीचा १०० ओहम, बाहेर जाणाऱ्या वाटेचा ७५ ओहम. चार लेअरच्या नेहमीच्या बोर्डवर, खाली ०.२ मि.मी.वर ग्राउंडचा तांब्याचा थर असेल, तर ७५ ओहमची ट्रेस (तांब्याची रेघ) जेमतेम ०.१८ मि.मी. रुंद येते. तिच्यावर बसणाऱ्या ०४०२ मापाच्या इवल्या कपॅसिटरचा पॅड, म्हणजे सोल्डर करायची जागा, मात्र ०.५ मि.मी. रुंद. ट्रेस पॅडला भेटते तिथं इम्पिडन्स धपकन खाली येतो आणि सिग्नलचा काही हिस्सा मागे परततो. म्हणून आम्ही पॅडखालचं ग्राउंड कापून काढतो आणि त्याच्या खालच्या लेअरचा आधार घेतो. किती कापायचं हे प्रत्येक स्टॅकअपला, म्हणजे बोर्डच्या थरांच्या रचनेला, वेगळं असतं. बीएनसीच्या मधल्या पिनखालीही तेच करावं लागतं. ड्रायव्हरची स्वतःची कपॅसिटन्स झाकायला काही नॅनोहेन्रीचा इंडक्टर आणि त्याला समांतर ७५ ओहमचा रेझिस्टर लागतो. डेटाशीटमधला इंडक्टरचा आकडा ही फक्त सुरुवात. खरा आकडा मोजून ठरतो.

मोजायला सुरुवातीला आमच्याकडे काहीच नव्हतं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधला नेटवर्क अ‍ॅनालायझर सुटीच्या दिवशी वापरायला मिळायचा, त्या सरांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. रिटर्न लॉस (मागे परतणारा सिग्नल किती दबला याचं माप, जास्त तितकं चांगलं) १.४८५ गिगाहर्ट्झपर्यंत १५ डेसिबल आणि पुढे २.९७ पर्यंत १० डेसिबल मिळाला पाहिजे, ही व्हिडिओची मानकं ठरवणाऱ्या एसएमपीटीई संस्थेची अट. पुढे जमेल तसं आमचं स्वतःचं यंत्र घेतलं. बोर्ड बनवून देणाऱ्यांना ५० आणि १०० ओहमची सवय, ७५ म्हटलं की परत विचारायचे. आता प्रत्येक लॉटबरोबर आम्ही टेस्ट कूपन, म्हणजे त्याच बोर्डाचा मोजणीसाठीचा तुकडा, मागवतो आणि तो मोजल्याशिवाय एकही आयसी लावत नाही.

नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, “सर, इतक्या वेगाच्या सिग्नलला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कशाला? ०.१ पुरेल की!” मग त्यांना चाचणीच्या टेबलापाशी नेतो. तिथल्या मॉनिटरवर अर्धा पडदा जांभळट आणि अर्धा राखाडी असतो. दिसायला साधं चित्र, पण बिटांची सरमिसळ करणाऱ्या स्क्रॅम्बलरमधून गेल्यावर जांभळट भागात काही वेळा एक बिट एका बाजूला आणि एकोणीस दुसऱ्या बाजूला, अशी रांग ओळभर लागते. छोटा कपॅसिटर तिथं पातळी धरून ठेवू शकत नाही. ०.१ चा बोर्ड लांब केबलवर लावून दाखवला की मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. आमचा प्रत्येक आउटपुट, नमुन्यादाखल नव्हे तर प्रत्येक, केबलच्या ड्रमवर हेच चित्र चालवून मगच बाहेर जातो.

नागपूरचा मे महिना हाही आमच्या डिझाइनचा भाग आहे. पारा ४५ च्या वर, कंट्रोलचा मांडव पत्र्याचा, आणि रॅकमध्ये वारा नाही. म्हणून ड्रायव्हरखालच्या थर्मल पॅडला व्हाया (उष्णता खाली नेणारी बारीक भोकं) देण्यात आम्ही कंजूषी करत नाही. तसंच जनरेटर आणि लाइन यांच्या ग्राउंडमध्ये फरक असताना चालू केबल खुपसली जाते, तेव्हा संरक्षक डायोड लागतोच. तो मात्र अगदी कमी कपॅसिटन्सचा हवा, नाहीतर कष्टाने मिळवलेला रिटर्न लॉस एका डायोडपायी जातो.

धंद्याची बाजू थोडक्यात सांगतो. हिशेब आणि वसुली आमच्या सौ. बघतात, सोल्डरिंगच्या टेबलावर आयटीआय झालेल्या दोघी आहेत आणि ले-आउट मी व माझा भाचा करतो. जाहिरात कधी केली नाही. अमरावती, चंद्रपूर, रायपूरचे शूटिंगवाले एकमेकांकडून ऐकून येतात. उधारी हा या व्यवसायाला लागलेला रोग आहे, म्हणून अर्धे पैसे आधी घेतो आणि त्यावर कोणी नाराज झालं तरी नियम मोडत नाही.

सध्या टेबलावर १२जी-एसडीआय आहे. वेग ११.८८ गिगाबिट, एक बिट जेमतेम ८४ पिकोसेकंदांचा. इथं बोर्डचं नेहमीचं एफआर-४ मटेरियल लांब ट्रेसला साथ देत नाही आणि जुना बीएनसीही चालत नाही. कनेक्टर बदललाय, कमी लॉसच्या मटेरियलवर बोर्ड टाकलेत आणि ड्रायव्हर कनेक्टरच्या आणखी जवळ आणलाय. पहिल्या लॉटचे कूपन मोजून झाले, आकडे मनासारखे आलेत. आता ड्रमवरची चाचणी सुरू आहे.