बाराशे मीटर, खडीवरून

१५ जून २०२५, रविवार

आजपासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं. आत्तापर्यंत ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, यंदा १५ जून ते २० ऑक्टोबर असं आवरतं घेतलंय. चाकरमान्यांसाठी याचा अर्थ एकच, गाडी आता जास्त वेळ खाणार. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की लोको पायलटने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, असा नियम आहे. त्यावरून डब्यात कुरकुर होते. त्याच पावसात कुणीतरी रुळावरून चालतोय, हे मात्र डब्यात फारसं कुणाच्या मनात येत नाही. रोहा ते ठोकूर या साधारण ७४० किलोमीटरच्या मार्गावर पावसाळ्यात सहाशेहून जास्त माणसं गस्तीला असतात.

साधा माणूस हीरो कधी होतो, हा विषय निघाला की वांगणी स्टेशन आठवतंच. १७ एप्रिल २०२१. अंध आईच्या हातून सुटलेलं मूल रुळावर पडलं, समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. स्टेशनवरचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळातून धावत गेले, मुलाला फलाटावर ढकललं, स्वतः वर चढले आणि गाडी निघून गेली. ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. बक्षिसाच्या पन्नास हजारांतले निम्मे त्यांनी त्या मुलासाठी दिले.

मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शेळके तिथे होते कशासाठी? न थांबणारी गाडी जाताना रेल्वेच्या माणसाने बाहेर उभं राहून ती पाहायची असते. कुठल्या चाकातून धूर किंवा ठिणग्या येताहेत का, काही लोंबतंय का, दार उघडं आहे का. सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा दाखवायचा. म्हणजे ते त्या क्षणी नजर लावून उभे होते कारण ते त्यांचं रोजचं काम होतं. धाडस त्यांचं स्वतःचं, पण त्या जागी, त्या वेळी, गाडीच्या दिशेने बघत असणं हे ड्युटीनं दिलेलं. आणि ते धाडस टिपायला कॅमेरा होता. आज लिहायचंय ते कॅमेरा नसलेल्यांबद्दल.

१६ जून, सोमवार

२००४ साली याच तारखेला मत्स्यगंधा एक्सप्रेस करंजाडीजवळ, आंबोली पुलापाशी, रुळावर आलेल्या दगडांमुळे घसरली होती.

रात्रीच्या गस्तवाल्याकडे काय असतं? नंबराची पाटी लावलेली काठी, लाल-हिरवा-पांढरा उजेड देणारे दोन हातदिवे, एक बॅटरी, लाल आणि हिरवे झेंडे, शिट्टी, गस्तीची वही आणि फटाक्यांचा डबा. फटाके म्हणजे पत्र्याच्या चपट्या डबीत भरलेली दारू. दोन्ही बाजूंना मऊ पट्ट्या असतात, त्या रुळाच्या डोक्याखाली वळवून दाबायच्या. चाक वरून गेलं की जो आवाज होतो तो बंद केबिनमध्येही चुकत नाही.

समजा, कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, दरड आलेली दिसली. दगड हलवायला जायचं नाही. आधी मार्ग सांभाळायचा. दरडीपाशी लाल दिवा लावून ठेवायचा आणि गाडी जिकडून आधी येणार त्या बाजूला लाल दिवा दाखवत पळायचं. ६०० मीटरवर एक फटाका. तिथे थांबायचं नाही, १२०० मीटरवर जाऊन दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. एकेरी मार्गावर गाडी दोन्हीकडून येऊ शकते, त्यामुळे माणूस एकटा असेल तर परत येऊन दुसऱ्या बाजूलाही हेच. दोघे असतील तर एकेकाने एकेक दिशा पकडायची.

आता हिशेब करू. खडीवरून, गमबूट आणि रेनकोट घालून, अंधारात, पावसात माणूस ताशी आठ किलोमीटरने पळू शकला तरी खूप झालं. बाराशे मीटरला नऊ मिनिटं. ताशी शंभरने येणारी गाडी तेवढ्या वेळात पंधरा किलोमीटर कापते. म्हणजे तो निघाला तेव्हा गाडी कदाचित मागच्या स्टेशनातूनही सुटलेली नसते. ती दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि तरी पळायचं. डोळ्यांसमोर मूल असतं तेव्हा पाय आपोआप धावतात. इथे समोर फक्त काळोख असतो.

चुका इथेच होतात. सगळ्यात मोठी म्हणजे काम लवकर उरकायला सहाशेवरच चारही फटाके लावणं. वेगातल्या भरलेल्या गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला शेकडो मीटर लागतात. सहाशेवर आवाज झाला तर ती दगडांतच जाऊन थांबेल. दुसरी, तिन्ही फटाके चिकटून लावणं. मग तीन आवाज वेगळे ऐकू न येता एकच होतो. तीन कशासाठी, तर एखादा दमट निघाला तरी बाकीचे बोलतील आणि लोको पायलटला शंकाच राहणार नाही. तिसरी, पट्ट्या नीट न वळवणं. रूळ पावसात निसरडा असतो, सैल फटाका खाली पडतो. चौथी, लावल्यावर जवळच उभं राहणं. फुटताना पत्र्याचे तुकडे उडतात. आणि बाराशेपर्यंत पोहोचायच्या आधीच गाडीचा दिवा दिसला तर मीटर मोजत बसायचं नसतं. असेल तिथे फटाका लावायचा आणि लाल दिवा हलवत राहायचा.

फोनचं काय? कोकण रेल्वेवर साधारण दर किलोमीटरला फोन जोडायची सोय आहे, गस्तवाल्याकडे मोबाइलही असतो. पण कटिंगमध्ये आणि बोगद्याच्या तोंडाशी मोबाइलची रेंज किती मिळते हे कोकणातल्या कुठल्याही प्रवाशाला माहीत आहे. रेंज शोधण्यात गेलेलं एक मिनिट म्हणजे गाडीचे पावणेदोन किलोमीटर.

एक गोष्ट रेल्वेबाहेरच्यांनीही लक्षात ठेवावी. लाल काही नसेल तर कुठलाही दिवा जोरजोरात हलवला तरी तो धोक्याचाच इशारा धरतात. दिवसा दोन्ही हात पूर्ण वर करून उभं राहिलं तरी तोच अर्थ. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात एटा जिल्ह्यात शेतावर निघालेल्या एका बाईंना रूळ तुटलेला दिसला. अंगावरची साडी लाल होती, तीच दाखवून त्यांनी गाडी थांबवली. मात्र हे रुळाच्या मध्ये उभं राहून नाही, कडेने करायचं.

१९ जून, गुरुवार

गस्तवाला रात्रीचा, दिवसाचा तो चावीवाला. रेल्वेच्या भाषेत कीमॅन. रोज पाच-सहा किलोमीटरचा आपला टप्पा चालायचा, जाताना एका रुळाकडे बघत, येताना दुसऱ्या.

चावी म्हणजे रुळाला स्लीपरशी, म्हणजे खालच्या आडव्या ठोकळ्याशी, घट्ट धरून ठेवणारी वाकडी पोलादी क्लिप. एका स्लीपरला चार. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर सहा किलोमीटरच्या टप्प्यात जवळजवळ चाळीस हजार चाव्या होतात. एकेक चावी साधारण ८५० ते ११०० किलोच्या जोराने रूळ दाबून धरते. हातोड्याने ठोकतानाही बेत असतो. मधला दांडा खोबणीच्या कडेशी सपाट येईल इतकीच आत जायला हवी. कमी गेली तर पकड नाही, जास्त ठोकली तर चावी आणि रुळामधला पट्टीसारखा लायनर फुटतो आणि चावीचा जोरही उतरतो. समुद्राची हवा आणि बोगद्यातली ओल यांनी ती खोबणीत गंजून बसते, मग काढताच येत नाही. म्हणून वेळेवर ग्रीस.

चाळीस हजार चाव्या एकेक करून तपासणं एका माणसाचं काम नाही, तो तसं करतही नाही. त्याची नजर ओळीत काय खटकतंय ते पकडते. स्लीपरच्या कडेला खडीवर पांढरी पूड दिसली की समजायचं, खालचा आधार गेलाय, गाडी जाताना स्लीपर वरखाली आपटतोय आणि खडी दळली जातेय. पावसात त्याच जागी चिखल उसळलेला दिसतो. लायनरपाशी गंजाची लाल धूळ आणि शेजारी घासून चकचकीत झालेलं लोखंड, म्हणजे तिथे हालचाल आहे. जोडाच्या आडवी केसाएवढी रेघ दिसली तर वाकून, गरज पडली तर गुडघ्यावर बसून बघायचं. रेघ कधी कधी तेलाची असते. नसते तेव्हा तो रूळ तुटायला निघालेला असतो.

ऋतूही पाहावा लागतो. पूर्वी तेरा मीटरच्या रुळांमध्ये फटी असायच्या, आता लांबच लांब जोडलेला रूळ असतो, त्याला आखडायला किंवा फुगायला जागा नाही. तापमान दहा अंशांनी उतरलं तर मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात अठरा-एकोणीस टनांचा ताण येतो. म्हणून थंडीत पहाटे रूळ तुटतात, उन्हाळ्यात भर दुपारी वाकडे होतात. चावीवाल्याला हे आकडे कुणी विचारत नाही. थंडीत जोड बघायचे आणि उन्हात रुळाच्या कडेवर नजर टाकून तो सरळ आहे ना ते बघायचं, हे त्याला पक्कं माहीत असतं.

तुटलेला रूळ सापडला तर? परत तेच. आधी लाल झेंडा आणि फटाके, मग दुरुस्ती. भेग लहान असली तर मध्ये फुगवटा असलेल्या फिशप्लेट, म्हणजे जोडपट्ट्या, दोन्ही बाजूंनी लावून क्लॅम्पने आवळतात. मग पहिली गाडी तिथून अगदी हळू पुढे काढतात. डब्यातल्यांना वाटतं सिग्नल मिळाला नाही.

त्याच्या स्वतःच्या जिवाबद्दल कमी लिहिलं जातं. मुंबईसारख्या चार-सहा मार्गांच्या पट्ट्यात अपघात बहुतेक एकाच तऱ्हेने होतो. येणाऱ्या गाडीला वाट द्यायला माणूस शेजारच्या रुळावर सरकतो आणि तिथे दुसरी गाडी येते. पहिलीच्या धडधडीत दुसरीचा हॉर्न ऐकू येत नाही. नियम साधा आहे, शेजारच्या मार्गावर नाही, सगळ्या मार्गांच्या बाहेर जायचं. पण खांद्यावर हातोडा, पाना आणि चाव्यांची पिशवी असताना चार रूळ ओलांडायला लागणारा वेळ नियम मोजत नाही. गाडी जवळ येतेय हे सांगणारं ‘रक्षक’ नावाचं यंत्र आलंय. ते प्रत्येकाच्या अंगावर हवं, आणि हे काम शौर्यपदकांच्या आधीचं आहे, असं माझं स्पष्ट मत.

२२ जून, रविवार

२००३. वैभववाडीजवळ, रात्रीची वेळ. कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी बोगद्याच्या तोंडाशी दरडीच्या दगडांवर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली.

त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, खडकांवर जाळ्या लावल्या, मातीच्या उतारांवर वाळा लावला. वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. काली, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांवर पुराचा इशारा देणारी यंत्रं बसली. पानवल, मांडवी, जुवारी, शरावती या पुलांवर वारा मोजला जातो. एवढं सगळं असूनही धोक्याच्या कटिंगपाशी माणूस उभा असतोच, कारण दरड पडायच्या आधीच्या खुणा वाचायला डोळे लागतात. डोंगरातून रोज स्वच्छ येणारा झरा गढूळ झाला तर आतली माती निघून येतेय. रोज वाहणारं पाणी पावसातच अचानक थांबलं तर ते आणखी वाईट, कुठेतरी तुंबून डोंगरावर दाब वाढतोय. उताराच्या माथ्यावरची नवी भेग, काल सरळ असलेलं आणि आज कललेलं झाड, रुळाशेजारी पडलेले मूठभर ताजे खडे. मोठा धोंडा बऱ्याचदा अशा खड्यांच्या मागून येतो. ही यादी कागदावर देता येते. पण काल झाड सरळ होतं हे सांगायला काल तिथून गेलेला माणूसच लागतो, म्हणून टप्प्यावरची माणसं सारखी बदलू नयेत.

गस्तवाला ताशी तीनेक किलोमीटरने चालतो, रात्रीत वीसपर्यंत जातात. टप्प्याच्या टोकाला दुसरा गस्तवाला भेटतो, दोघे वह्या बदलतात. स्टेशनात पोहोचला की स्टेशन मास्तर वहीत वेळ टाकून सही करतो. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत तो आला नाही तर काहीतरी बिघडलंय असं धरून पुढच्या गाडीला सावधपणे जायचा लेखी हुकूम देतात. तो घसरून पडला असेल, दरडीपाशी फटाके लावत असेल, नाहीतर पाणी भरल्याने अडकला असेल. कारण नंतर कळतं, गाडीचा वेग आधी कमी होतो.

गाडी आली की तो रुळाबाहेर, कडेच्या पायवाटेवर उभा राहतो. काठीवरच्या पाटीवर दिव्याचा झोत टाकतो, म्हणजे लोको पायलटला नंबर वाचता येतो. इंजिन जाताना एक शिट्टी, शेवटचा डबा जाताना दुसरी. मधल्या वीस-बावीस डब्यांत बहुतेक खिडक्या पावसामुळे बंद असतात.