भाताची रात्र कुठे गेली

फोडणीचा भात ताज्या भाताचा होत नाही हे मला पस्तिशीत कळलं. तोपर्यंत तो आई करायची आणि मी खायचो, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. इकडे पुण्यात एका रविवारी हुक्की आली म्हणून कुकरमधला वाफाळता इंद्रायणी थेट फोडणीत टाकला, तर कढईत जे तयार झालं ते पिवळी खळ म्हणून पोस्टर चिकटवायला चाललं असतं, मधेमधे शेंगदाणे रुतलेले आणि उलथनं वर उचललं की सगळा भात एकदम वर. आईला फोटो पाठवला. लगेच फोन, "अरे, शिळा नको का भात? उरतो म्हणून तर फोडणीला टाकतात, मुद्दाम कोण करतं?"

मग थोडं वाचलं, तर सगळा मामला स्टार्चचा निघाला. तांदूळ शिजतो म्हणजे दाण्यातला स्टार्च सत्तरेक अंशांना पाणी पिऊन फुगतो, त्याची आतली घट्ट बांधणी सुटते आणि थोडा बाहेर सांडतो, तोच तो चिकटपणा. भात गार झाला की स्टार्चच्या या सुटलेल्या साखळ्या परत एकमेकींना बिलगायला लागतात, मधलं पाणी बाहेर ढकलतात आणि शीत आतून कडक होतं. हे सगळ्यात जोरात होतं चारेक अंशांना, म्हणजे बरोब्बर आपल्या फ्रीजमध्ये. पोळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या की पुठ्ठा होतात तो हाच प्रकार, त्या वाळतात असं आपण उगाच म्हणतो. बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1852 मध्येच दाखवलं होतं की पावातलं पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी तो शिळा होतोच, आणि गरम केला की परत मऊ. आपल्याकडे तव्यावर पाण्याचा हात फिरवून शिळी पोळी गरम करणाऱ्या बायकांना हे कुणी सांगायला आलं नव्हतं.

सकाळी डब्यातून काढलेला भात ओल्या बोटांनी मोकळा करायला मला फार आवडतं. वरून वीट दिसते, पण कडेला अंगठा दाबला की एक चीर जाते आणि शितं अख्खीच्या अख्खी सुटून येतात, कोलम असेल तर अगदी टपटप पडतात. इंद्रायणीची मात्र ढेकळंच राहतात, त्याचा स्वभावच तो, त्याला वरणच बरं.

हे गार होऊन घट्ट झालेलं स्टार्च लहान आतड्यात पूर्ण पचत नाही, थोडं तसंच मोठ्या आतड्यात जातं आणि तिथल्या जिवाणूंच्या कामी येतं, साखरही जरा हळू चढते. यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शिळा भात खा, डायबेटिस पळवा’ वगैरे सुरू असतं, त्याला काही अर्थ नाही. फरक थोडासाच असतो, आणि वर तुम्ही दोन डाव तेलाची फोडणी घालणार, शेंगदाणे मूठभर, मग कसलं काय.

तर इथपर्यंत शिळा भात म्हणजे चांगलाच म्हणायचा. पण गेल्या मे महिन्यात रात्री जेवून सगळे सोफ्यावर लवंडलो आणि भाताचा कुकर ओट्यावर तसाच राहिला, झाकण लावलेला, कोमट, रात्रभर. सकाळी उघडला, वास घेतला, काही नाही. एक शीत चाखलं, काही नाही. मस्त परतला, वाफ आणली, लिंबू पिळलं, दोन प्लेटा हाणल्या आणि दोन तासांत मी बाथरूमच्या फरशीवर बसलेलो होतो, बादलीला मिठी मारून. संध्याकाळपर्यंत उलट्या थांबल्या तरी त्या दिवशी हिंगाचा वास सहन होत नव्हता.

याला कारण बॅसिलस सेरियस. हा मातीतला जंतू, तांदळाबरोबर घरात येतो बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचात झोपलेल्या रूपात, आणि नुसत्या उकळत्या पाण्याला तो दाद देत नाही. उलट शिजवताना बाकीचे जंतू मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. पुढे भात हळूहळू गार होत साठ अंशांच्या खाली आला की बीजाणू जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात. खरी गोम इथे आहे, हे विष 121 अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं, तर माझ्या कढईतल्या पाच मिनिटांच्या परतण्याने त्याचं काय वाकडं होणार? जंतू मरतो, विष राहतं. वास नाही, तार नाही. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांनी हे शीत कधी चाखलं नसावं.

आई म्हणाली, आम्ही इतकी वर्षं खाल्लाच की. खाल्ला, खरंय, पण तिच्याकडे रात्रीचा भात फार उरायचाच नाही आणि उरला तर त्यात आंबट ताक कालवून ठेवायची, आंबटपणात हा जंतू नीट वाढत नाही. शिवाय अधूनमधून ‘पोट बिघडलंय’ म्हणून कुणीतरी आडवं असायचंच, त्याचा आळ नेहमी आंब्यावर.

आता जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरतो, पंखा फुल, तासाभरात डब्यात आणि डबा फ्रीजमध्ये. खोल पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तर मधला गोळा कितीतरी वेळ कोमटच राहतो. ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी तर म्हणते की तासाभरात गार करा आणि फ्रीजमध्ये एक दिवसाच्या वर ठेवू नका. हे आईला सांगितलं तर ती हसली, कारण तिच्या फ्रीजमध्ये रविवारचा भात बुधवारी सापडतो.

मागच्या महिन्यात ती इकडे आली होती. रात्री साडेनऊला पंख्याखाली भाताची परात बघून दारातच थांबली. "पापड घातलेत का रे?" मी सगळं सांगितलं, बीजाणू, साठ अंश, सगळं. तिने ऐकून घेतलं, चमचा घेतला आणि परातीतला भात कडेकडेने आणखी पातळ पसरला. "मधे जाड ठेवलायस," म्हणाली.