कोल्हापूरच्या पाण्यावर परिसंवाद मालिका: अनुदान मिळवण्याचा माझा अनुभव

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. शहर वाढताना त्यानं पाण्याचं काय केलं, यावर वर्षभर चालणारी परिसंवाद मालिका घ्यावी, हे 2019 च्या महापुरानंतर डोक्यात बसलं होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि 2021 ला पुन्हा तीच वेळ आली.

मालिकाच का, हा प्रश्न प्रस्ताव लिहिताना सगळ्यात जास्त छळतो. अनुदान देणारे तो विचारतातच आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. एका दिवसाच्या चर्चासत्रात भरपूर निबंध वाचले जातात, पण सकाळच्या वक्त्याला दुपारचा वक्ता उत्तर देत नाही. आमचे प्रश्न तर एकमेकांत अडकलेले. कपिलतीर्थ या जुन्या तळ्यावर आज मंडई आहे, वरुणतीर्थ या तळ्याच्या जागी गांधी मैदान आहे आणि मोठा पाऊस झाला की त्या मैदानात अजूनही पाणी साचतं. बुजवलेल्या तळ्यांचा इतिहास जाणणारा माणूस आणि आज नाले बांधणारा अभियंता एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. म्हणून प्रस्तावात मी असं मांडलं, की प्रत्येक परिसंवादातून निघालेला एक प्रश्न पुढच्या परिसंवादाच्या वक्त्यांना आधीच लेखी पाठवला जाईल. क्रम ठरवला: तळी, पूररेषा, सांडपाणी आणि शेवटी हद्दवाढ, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घेण्याचा प्रश्न.

पैशासाठी आधी बाहेर पाहिलं. ग्लासगोची अर्बन स्टडीज फाउंडेशन ही धर्मादाय संस्था नागरी अभ्यासाच्या परिसंवाद मालिकांना अनुदान देते. 1964 पासून निघणाऱ्या 'अर्बन स्टडीज' या नियतकालिकाशी तिचं नातं आहे. पण परदेशी पैसा घ्यायचा तर 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. आमच्या शिक्षणसंस्थेची तशी नोंदणी नाही. सांगली आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांनाही पैसे देऊन सोबत घ्यायचं होतं, त्यामुळे तो रस्ता तिथंच संपला. तुमची संस्था खासगी असेल तर प्रस्तावाला हात लावण्याआधी ही नोंदणी तपासा.

मग भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे वळलो. ही परिषद 1969 ची. तिचे पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे. आपल्या मातीतल्या माणसानं घडवलेल्या संस्थेकडे आपल्या नदीचा प्रश्न घेऊन जाताना मला फार बरं वाटलं, हे सांगायलाच हवं.

सगळ्यात जास्त विचार अंदाजपत्रकानं मागितला. मंडप, बॅगा, स्मृतिचिन्हं, सगळं काढून टाकलं. त्या जागी तीन गोष्टी धरल्या. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या पुरात सापडणाऱ्या गावांहून येणाऱ्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई; पूर आला की घर सोडून सोनतळीला जाणाऱ्या माणसाला पुराबद्दल बोलायला फुकट बोलावणं मला पटत नाही. दुसरी, मराठी-इंग्रजी भाषांतर. तिसरी, प्रत्येक परिसंवादाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांचं मानधन. भरपाईच्या रकमेवर आमच्याच लेखा विभागात बरीच चर्चा झाली, कारण वक्ता म्हटलं की पदवी आणि पदनाम लागतं. आम्ही त्यांना 'स्थानिक तज्ज्ञ' म्हणून निमंत्रणपत्रं दिली आणि प्रत्येकाच्या विषयाचं चार ओळींचं टिपण जोडलं. ते मान्य झालं.

पुढचं कागदपत्रांचं काम नेहमीचंच: प्राचार्यांचं शिफारसपत्र, संस्थेचे लेखापरीक्षण अहवाल, सहयोगी महाविद्यालयांची संमतिपत्रं. मंजुरी मागितलेल्यापेक्षा कमी रकमेची आली. तेव्हा बाहेरगावच्या वक्त्यांची विमानं गेली, रेल्वे आली. चिखलीची रक्कम मात्र तशीच ठेवली.

एक गोष्ट मंजुरीपत्र हातात येताच करा. उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं हे सांगणाऱ्या दाखल्याचा, जीएफआर 12-ए (केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला) हा नमुना सीएंना दाखवा आणि खर्चाच्या मंजूर शीर्षांप्रमाणेच पावत्यांच्या फाईली वेगळ्या लावा. शेवटी पावत्या जुळवत बसलं की उरलेला हप्ता लांबतो, आणि तोवर खिशातून घातलेले पैसे बहुतेक वेळा त्या तरुण प्राध्यापकाचे असतात ज्याला ते परवडत नाहीत.

पूररेषेचा परिसंवाद मला आजवरचा सर्वांत मोलाचा वाटतो. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं नकाशावर समजावून झाल्यावर आंबेवाडीच्या एका आजींनी विचारलं, "दोन वर्षांत दोनदा आलं, मग आता ह्या रेघा कुणी बदलायच्या?" त्यावर झालेली चर्चा ठरल्या वेळेच्या कितीतरी पुढे गेली. तो प्रश्न जसाच्या तसा इतिवृत्तात आहे आणि सांडपाण्याच्या परिसंवादाला आलेल्या प्रत्येक वक्त्याला तो आधी पाठवला होता.

आता हद्दवाढीचा परिसंवाद राहिला आहे. महापालिका 1972 ला झाली आणि वाद तेव्हापासूनचा; 2017 ला शहराभोवतालच्या 42 गावांसाठी वेगळं नागरी विकास प्राधिकरण आलं तरी तो मिटला नाही. उचगाव, पाचगाव, कळंबा इथल्या विरोध करणाऱ्यांना आणि शहरातल्या समर्थकांना आम्ही एकाच सत्रात बोलावलं आहे. दोन्ही बाजूंना पाण्याचा एकच नकाशा आधी पाठवला आहे.